त्रिपुरीच्या बौद्ध मूर्ती : ओळख आणि अर्थ

जबलपूरजवळचे तेवर हे गाव म्हणजे कलचुरींची राजधानी त्रिपुरी. कलचुरी नरेश शैव होते. भेडाघाटचे योगिनींचे वर्तुळाकार मंदिर आणि शैव मठाचार्यांचा दरारा हेच त्या कालखंडाचे चित्र आपल्या मनावर ठसलेले असते. याच परिसरात, तेवर व गोपालपूर येथे, अवलोकितेश्वर, तारा इत्यादींच्या पाषाणमूर्ती मिळाल्या. नागपूरच्या वा. वि. मिराशी यांनी कलचुरींचे लेख १९५५ साली साक्षेपाने संपादित केले आणि मराठीतही या राजवंशावर लिहिले. तरी या मूर्तींकडे मराठी समीक्षेचे लक्ष फारसे गेले नाही.

मूर्तिचिन्हांचा विचार आपल्याकडे बहुधा कोशाच्या पद्धतीने होतो. हाती कमळ आणि मुकुटात ध्यानस्थ अमिताभ दिसला की अवलोकितेश्वर. डाव्या हाती नीलोत्पल, उजवा हात वरदमुद्रेत असला की तारा. विनयतोष भट्टाचार्य यांनी ‘साधनमाला’ १९२५ व १९२८ मध्ये दोन खंडांत संपादित केल्यापासून अशी ओळख पटवणे सुकर झाले, हे ऋण मान्य करावेच लागेल. परंतु ओळख पटली म्हणजे अर्थ कळला, असे नव्हे. मुकुटातील ती चिमुकली आकृती केवळ कुलाची खूण नाही. मस्तकावर निश्चल ध्यान आणि गुडघ्यापाशी खाली उतरलेला, तळवा उघडा ठेवलेला हात, या दोहोंमध्ये संपूर्ण मूर्ती ताणलेली असते. करुणा ही त्या ध्यानातूनच खाली येते, एवढे पाहणाऱ्याला उमगले की पुरे. बुद्धाने जे अलंकार त्यागले तेच बोधिसत्त्वाने अंगावर ठेवले आहेत, त्याचेही कारण हेच: तो संसारातून अद्याप निघालेला नाही, इतरांसाठी थांबला आहे.

त्रिपुरीच्या बोधिसत्त्वाचा चेहरा तेथल्याच एखाद्या विष्णूचा वाटावा इतका जवळचा आहे. प्रदेशाची शिल्पशैली एकच होती. तिला पंथांच्या भिंती नव्हत्या. या साम्यावरून काही जण बौद्धधर्म हिंदू देवकुलात विरघळू लागल्याचा निष्कर्ष काढतात. तो मला घाईचा वाटतो. शेजारच्या चंदेल राज्यात, महोब्यास मिळालेला आणि आज लखनौच्या संग्रहालयात असलेला सिंहनाद अवलोकितेश्वर या संदर्भात पाहावा. सिंहावर सैलसर बसलेली ती तरुण आकृती जटाधारी आणि निरलंकार आहे. एका बाजूस सर्पवेष्टित त्रिशूळ. शिवाची खूण येथे उघडपणे घेतली आहे, पण हा सिंहनाद व्याधी हरण करणारा आहे. संहाराचे आयुध त्याच्या शेजारी उभे राहून औषधाचे काम करते. उसने घेतलेल्या चिन्हाचा अर्थ असा उलटवता येणे हे विरघळण्याचे नव्हे, आत्मविश्वासाचे लक्षण होय.

वाङ्मयाच्या अभ्यासकाने आणखी एका गोष्टीकडे पाहावे. मध्ययुगीन बौद्ध मूर्तींवर ‘ये धर्मा’ या आरंभाची गाथा वारंवार कोरलेली आढळते. सर्व गोष्टी कारणापासून उपजतात आणि तथागताने ते कारण व त्याचा निरोध सांगितला, इतकाच तिचा आशय. दात्याची स्तुती नाही, देवतेचे वर्णन नाही. दगडात पूजनीयता येते ती या वाक्यामुळे, अशी श्रद्धा होती. तेव्हा अक्षरे हीही कमळाइतकीच मूर्तीची चिन्हे मानावयास हवीत. आणि गंमत अशी की, ज्या तत्त्वज्ञानाने कशालाही स्वयंभू मानले नाही, त्याची मूर्ती आपण कारणांनी घडलो हे अंगावर लिहून मिरवते.

ग्रंथाविषयीचा हाच आदर सारनाथच्या एका शिलालेखात दिसतो. कलचुरी कर्णाच्या राजवटीतील, कलचुरी संवत् ८१० म्हणजे इ. स. १०५८ मधला हा लेख. धमेश्वराची पत्नी मामका, महायानाची उपासिका, हिने ‘अष्टसाहस्रिका प्रज्ञापारमिता’ लिहवून घेऊन भिक्षुसंघास अर्पण केली, असे तो सांगतो. राजा शैव, त्याच्या नावाखालीच ही नोंद कोरली गेली. हे दान मूर्तीचे नव्हते, पोथीचे होते.