‘प्रत’ आणि ‘परवाना’ : संगणकीय खेळांच्या व्यवहारभाषेची एक तपासणी

संगणकीय खेळ डिस्कच्या रूपाने घ्यावा की डाउनलोड करून घ्यावा, या प्रश्नावर आज जी चर्चा होते ती बहुतांशी सोय आणि संग्रह या दोन टोकांत अडकलेली दिसते. एक पक्ष म्हणतो, खेळ घरबसल्या मिळतो, जागा अडत नाही, ओरखडा पडण्याची भीती नाही. दुसरा म्हणतो, पैसे मोजले तर वस्तू हाती यावी, फळीवर दिसावी, नकोशी झाल्यावर विकता यावी. दोहोंचे म्हणणे आपापल्या जागी खरे आहे. तथापि दोघेही एक गोष्ट गृहीत धरतात, ती अशी की दोन्ही मार्गांनी हाती येते ती वस्तू एकच असून फरक केवळ वेष्टनाचा आहे. हे गृहीतक कितपत टिकते ते पाहावयाचे तर या व्यवहारात वापरले जाणारे शब्द तपासणे इष्ट होय.

या तपासणीस हिंगोली जिल्ह्यातील वारंगा फाटा हे ठिकाण विशेष सोयीचे आहे. नांदेड-अर्धापूरकडून येणारा रस्ता येथे दुभंगतो. एक शाखा आखाडा बाळापूर, कळमनुरीवरून हिंगोलीकडे जाते, दुसरी हदगाव, उमरखेडवरून यवतमाळ-नागपूरकडे. (‘फाटणे’ या क्रियापदापासून सिद्ध झालेला ‘फाटा’ हा शब्द मराठीत रस्त्याला लागतो तसा वादालाही लागतो, हे जाता जाता नमूद करण्यास हरकत नाही.) अशा ठिकाणी खेळाची डिस्क कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही, ती नांदेडहून आणावी किंवा मागवून घ्यावी लागते; आणि डाउनलोड करावयाचे तर बहुधा मोबाइलच्या दैनिक डेटावर. म्हणजे महानगरात जी निवड केवळ आवडीची असते ती येथे हिशेबाची होते. शिवाय या परिसराची भाषा शेतीच्या व्यवहारात मुरलेली आहे. शेत ‘बटईने’ करणे, ‘ठोक्याने’ घेणे, ‘गहाण’ ठेवून घेणे आणि ‘विकत’ घेणे या चार क्रियांत येथील निरक्षर माणूसही कधी घोटाळा करीत नाही. तोच माणूस, किंवा त्याचा शिकलेला मुलगा, मोबाइलवरच्या व्यवहाराला मात्र सरसकट ‘घेतला’ एवढेच म्हणतो. भाषेची ही तीक्ष्णता येथेच का बोथट व्हावी, हा खरा प्रश्न आहे.

प्रथम ‘गेम’ हा शब्द घेऊ. मराठीत ‘खेळ’ हे क्रियेचे नाव आहे व ‘खेळणे’ हे वस्तूचे. सारीपाटाचा पट विकत घेता येतो, सोंगट्या आणि फासे घेता येतात. सारीपाट हा खेळ कोणी विकत घेतला असे म्हणता येत नाही. पट फाटला तर जमिनीवर खडूने रेघा ओढून खेळ चालू राही. ‘गेम’ या उसन्या शब्दाने या दोन्ही अर्थांना एकत्र आणले. गेम खेळलाही जातो आणि घेतलाही जातो. तो क्रियाही आहे आणि वस्तूही. हा शब्द मराठीला खरोखरच हवा होता, कारण अशी वस्तू पूर्वी नव्हती. परंतु या जोडअर्थामुळे एक भ्रम सुलभ झाला : खेळावयास मिळाले म्हणजे वस्तू मिळाली, असे वाटू लागले.

आता ‘विकत घेणे’. या संयुक्त क्रियापदातील ‘विकत’ हे ‘विकणे’ याचेच रूप आहे. एकाने विकल्याशिवाय दुसऱ्यास विकत घेता येत नाही, आणि ज्याने विकत घेतले त्यास पुढे विकता येते. हा या क्रियापदाच्या अर्थाचाच भाग होय. विकत घेतलेली म्हैस विकता येत नसेल तर ती विकत घेतली असे गावात कोणी म्हणणार नाही. ही कसोटी डाउनलोड केलेल्या खेळास लावली असता तो बहुतेक वेळा अनुत्तीर्ण होतो. तो दुसऱ्यास विकता येत नाही, उसना देता येत नाही, वारसाकडे सोपविता येत नाही. पडद्यावर इंग्रजी ‘बाय’ असते. त्याखालील करारात मात्र परवान्याची भाषा असते. हा परवाना रद्द करण्याचा अधिकार देणाऱ्याने आपल्याकडे राखलेला असतो. शेतीच्या भाषेत हा ठोका झाला. पण ठोक्याला निदान पाडव्याची मुदत असते, येथे तीही सांगितलेली नसते.

शब्दाचा हा दुरुपयोग केवळ भाषाभ्यासकांना खटकला असे नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने 2024 मध्ये संमत केलेला व 1 जानेवारी 2025 पासून अमलात आलेला कायदा याच शब्दावर बेतलेला आहे. ग्राहकास मिळतो तो परवाना आहे हे स्पष्ट सांगितल्याखेरीज अशा मालासाठी ‘बाय’ वा तत्सम शब्द वापरण्यास त्याने मनाई केली. त्या कायद्यातील एक अपवाद विशेष लक्षणीय आहे. जो माल कायमचा उतरवून घेऊन महाजालाशिवाय वापरता येतो त्यास ही मनाई लागू नाही. म्हणजे रेषा ओढली गेली ती डिस्क व डाउनलोड यांच्यामध्ये नव्हे, तर डाउनलोडच्याच दोन जातींमध्ये.

भारतीय न्यायालयांपुढेही हा शब्द वेगळ्या वाटेने आला आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या 2004 च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने माध्यमावर उतरविलेली तयार संगणक-प्रणाली हा ‘माल’ ठरविला. पुढे 2 मार्च 2021 रोजी इंजिनिअरिंग अॅनालिसिस प्रकरणात त्याच न्यायालयाने असे म्हटले की अंतिम ग्राहकाशी केलेल्या करारास परवाना हे नाव दिले तरी त्याने दिलेले पैसे ही प्रतीची किंमतच होय. दोन्ही ठिकाणी वाद करआकारणीचा होता, खेळाडूच्या हक्काचा नव्हता. तेव्हा त्यांचा आधार ताणून चालणार नाही. तरीही कराच्या प्रसंगी जी विक्री ठरते ती ग्राहकाच्या प्रसंगी परवाना का ठरावी, हे कोडे शिल्लक राहते.

येथे मराठीतील एक जुने क्रियापद उपयोगी पडते : ‘उतरवून घेणे’. गाडीवरचे ओझे उतरविणे आणि पोथी उतरवून घेणे हे दोन्ही प्रयोग रूढ आहेत, आणि इंग्रजी ‘डाउनलोड’मध्ये पहिला अर्थ अक्षरशः भरलेला आहे. मराठीत मात्र दुसरा अर्थही आयताच मिळतो. मठातील पोथी बसून उतरवून घेणाऱ्याने मूळ पोथीला काही उणे केले नाही. पण उतरलेली प्रत पूर्णपणे त्याची झाली. ती वाचण्यास त्याला मठाकडे पुन्हा जावे लागत नसे, आणि मठ नष्ट झाला तरी ती टिके. आजच्या विक्रेत्यांपैकी फार थोडे या अर्थाने उतरवून देतात. पोलंडमध्ये 2008 साली सुरू झालेले ‘गॉग’ हे भांडार त्यांतील प्रसिद्ध उदाहरण होय. तेथील खेळाची स्थापनासंचिका उतरवून घेतली की ती कोणाच्याही परवानगीविना पुन्हा पुन्हा वापरता येते. हा व्यवहार डाउनलोडचा असूनही त्याला ‘प्रत’ हे नाव शोभते. कागदोपत्री तोही परवानाच आहे हे खरे, पण तो काढून घेण्याचे साधन विक्रेत्याच्या हाती उरत नाही.

उलट, डिस्कचा पक्ष घेणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे की डिस्क हाती असणे म्हणजे प्रत हाती असणे नव्हे. नोव्हेंबर 2004 मध्ये प्रसिद्ध झालेला ‘हाफ-लाइफ 2’ हा खेळ डब्यातून घेतला तरी ‘स्टीम’वर खाते उघडून त्याची नोंद केल्याविना चालत नसे. प्लेस्टेशन 5 च्या 2023 मध्ये आलेल्या नव्या आवृत्तीत डिस्क वाचणारा भाग सुटा झाला, आणि तो प्रथम जोडताना महाजालाची संमती लागते. 5 जून 2025 रोजी विक्रीस आलेल्या निन्तेन्दोच्या ‘स्विच 2’ यंत्रासाठी तर ‘गेम-की कार्ड’ नावाचा प्रकार निघाला. या कार्डावर खेळ नसतोच. ते घालून खेळ डाउनलोड करावयाचा, आणि खेळताना कार्ड आत ठेवावयाचे. हे कार्ड दुसऱ्यास विकता येते, म्हणजे ‘विकत घेणे’ या क्रियापदाची कसोटी ते उतरते. पण भांडार बंद पडल्यास नव्या धन्याच्या हाती प्लास्टिकचा तुकडा राहील. सबब हस्तांतर आणि स्वयंपूर्णता या दोन निराळ्या कसोट्या आहेत, हे या कार्डाने उघड केले.

महानुभावांच्या पोथ्यांची येथे आठवण होते. सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत लिहिलेल्या त्या पोथ्या शतकानुशतके जशाच्या तशा होत्या. पंथाबाहेरील वाचकास मात्र त्या हाती असूनही निरुपयोगी होत्या. विसाव्या शतकाच्या प्रारंभी लिपीची किल्ली प्रकाशात आली तेव्हा कोठे तो ग्रंथसंभार महाराष्ट्राला वाचता येऊ लागला. तेथे किल्ली माणसांच्या स्मरणात होती म्हणून ती मिळू शकली. कंपनीच्या यंत्रावरील किल्ली यंत्र बंद होताच नाहीशी होते. ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा खेळ डिसेंबर 2014 मध्ये डिस्क व डाउनलोड अशा दोन्ही रूपांत विकला गेला होता. 31 मार्च 2024 रोजी त्याची सेवा थांबविण्यात आली आणि दोन्ही रूपांतील खेळ एकाच क्षणी निकामी झाले. ज्यांनी दूरदृष्टीने डिस्क घेतली होती त्यांची डिस्कही. युरोपात या घटनेविरुद्ध उठलेल्या मागणीस 2025 च्या जुलैपर्यंत दहा लाखांहून अधिक नागरिकांनी पाठिंबा नोंदविला. हानीचा विस्तारही लहान नाही. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या 2023 च्या पाहणीनुसार तेथे 2010 पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी सुमारे 87 टक्के आज बाजारात मिळत नाहीत.

या पार्श्वभूमीवर 1990 नंतरच्या दशकातील ‘कॅसेट’कडे पाहावे. तेव्हा दूरदर्शनसंचास जोडावयाच्या यंत्रात घालण्याच्या प्लास्टिकच्या डबीस मराठी मुलांनी गाण्याच्या कॅसेटवरून हे नाव दिले. तांत्रिक दृष्ट्या ते चुकीचेच होते, जसे आज ब्लू-रे डिस्कला ‘सीडी’ म्हणणे चुकीचे आहे; पण भाषेला त्याची फिकीर नसते. ‘कॉन्ट्रा’ची कॅसेट शेजाऱ्याच्या ‘मारिओ’शी बदलता येई, दुकानदार थोडे पैसे घेऊन जुनी ठेवून दुसरी देई. चालली नाही तर तिच्या तोंडात फुंकर मारीत. त्या फुंकरीने काही साधत असे की नाही हा प्रश्न सोडला, तरी परवानगी कोणाची मागावी लागत नसे. त्या कॅसेटींपैकी पुष्कळशा बेकायदा नकला होत्या, हे येथे दडविण्याचे कारण नाही. मराठीत ‘नक्कल’ आणि ‘प्रत’ हे समानार्थी नव्हेत. ‘प्रत’ या शब्दात दर्जाचाही अर्थ आहे (‘उच्च प्रतीचा’, ‘प्रतवारी’), तर ‘नक्कल’ शब्दात मुळापासून दुरावल्याची सूचना असते. पेच असा की त्या हलक्या नकलेत खेळ संपूर्ण होता, आणि आजच्या कायदेशीर, देखण्या डब्यात तो असेलच अशी खात्री नाही.

वारंगा फाट्यावरील बहुसंख्य तरुणांना मात्र डिस्कचा पर्याय कधी लाभलाच नाही. त्यांचा खेळ मोबाइलवरचा, आणि त्याची क्रियापदे निराळी : गेम ‘टाकला’, गेम ‘मारला’, मेमरी कार्ड ‘भरून आणले’. या तिन्हींत कर्ता खेळाडू किंवा दुकानदार आहे. नाहीसे होण्याचे क्रियापद मात्र ‘उडणे’ : ‘गेम उडाला’. हे अकर्मक आहे. त्यात उडविणारा कोणी नाही. 2 सप्टेंबर 2020 रोजी केंद्र सरकारने 118 उपयोजनांवर बंदी घातली, त्यांत ‘पब्जी मोबाइल’ होता. आधीच टाकलेला खेळ त्यानंतरही काही आठवडे फोनवर चालत राहिला. 30 ऑक्टोबर 2020 रोजी कंपनीने भारतातील सेवा थांबविली. संचिका फोनमध्ये तशीच होती, खेळ नव्हता, आणि त्यातील पोशाख-शस्त्रांसाठी मोजलेले पैसे कशात जमा धरावे हे सांगणारा शब्दही नव्हता. बंदी योग्य की अयोग्य हा राजनीतीचा प्रश्न झाला. 2 जुलै 2021 रोजी तोच खेळ नव्या नावाने आला तेव्हा जुना साठा नव्या खात्यात हलविण्याची मुभा देण्यात आली. ती मुभा होती, हक्क नव्हता. व्याकरणदृष्ट्या पाहता ‘उडाला’ म्हणणाऱ्याने कंपनी आणि शासन या दोन्ही कर्त्यांना वाक्यातून वगळले. ‘काढून घेतला’ असे सकर्मक क्रियापद जवळ असूनही ते त्याला सुचले नाही, कारण ‘आपला’ होता असे त्याला कधी ठामपणे वाटलेच नव्हते.

ज्याच्याकडे गेमयंत्र आहे व ज्याला निवड करता येते, त्याचा हिशेब सरळ आहे. 100 गिगाबाइटचा खेळ दररोजच्या 2 गिगाबाइट डेटावर उतरवावयाचा तर पन्नास दिवस लागतील, आणि त्या अवधीत फोनवर दुसरे काही करता येणार नाही. तेव्हा फाट्यावर राहणाऱ्याने डिस्क घ्यावी हे उघड आहे, मात्र डिस्कवर संपूर्ण खेळ आहे याची आधी चौकशी करून. डिस्कही अमर नसते. तिला बुरशी लागते, ती तडकते, आणि चोरीस गेली तर पुन्हा मिळत नाही, जी अडचण खात्यावरील खेळास नाही. ज्यांना वर्षभर खेळून सोडून द्यावयाचे आहे त्यांनी परवाना घेण्यात काहीही गैर नाही. फक्त ठोक्याला खरेदीचा भाव देऊ नये. नव्या मोठ्या खेळास 5000 रुपयांच्या आसपास मोजताना मागच्या खिशातून ‘विकत’ हा शब्द काढून ‘ठोक्याने’ हा ठेवून पाहावा, आणि मग तोच भाव पटतो का ते ठरवावे.

राहता राहिला डब्याचा प्रश्न. काही खेळांच्या डब्यात आज डिस्कच्या जागी केवळ संकेतांक छापलेला कागद निघतो. डबा आहे, वर चित्र आहे, किंमत आहे. त्या कागदाला मराठीत काय म्हणावे हे अद्याप ठरलेले नाही. ‘पावती’ म्हणावे तर मालाची पोच झालेली नसते, ‘तिकीट’ म्हणावे तर प्रवासाचे ठिकाण लिहिलेले असावे लागते. ‘उतारा’ हा शब्द जवळचा वाटतो, पण सातबाराचा उतारा जवळ असला म्हणजे शेत ताब्यात असतेच असे नाही, हे हिंगोली जिल्ह्यातील शेतकऱ्यास कोणी सांगावे लागत नाही.