कॅमेरा आणि साक्षी : इशरवुड यांच्या कथात्म लेखनातील साधनेचे स्थान

लेखकाची खासगी साधना आणि त्याचे ललित लेखन यांच्या संबंधाचा विचार समीक्षेत बहुधा दोन टोकांवरून होतो. चरित्रनिष्ठ समीक्षक साधनेतील संज्ञा आणि प्रतीके साहित्यकृतीत हुडकतो व ती सापडली की संबंध सिद्ध झाला असे मानतो. उलटपक्षी, कलाकृतीच्या स्वायत्ततेचा पुरस्कर्ता लेखकाच्या देवघराशी आपल्याला काही कर्तव्य नाही, असे म्हणून प्रश्नच निकालात काढतो. साधना ही कृतीच्या आशयातच दिसली पाहिजे, हे गृहीत मात्र दोघांनाही मान्य असते. पहिल्याला ती तेथे सापडते. दुसऱ्याला तेथे शोधणेच गैर वाटते. ख्रिस्तोफर इशरवुड (१९०४-१९८६) या इंग्रज कादंबरीकाराच्या लेखनाचा विचार करू लागले की नेमके हे गृहीतच डळमळीत होते.

१

इशरवुड १९३९ मध्ये अमेरिकेत आले आणि त्याच वर्षी, जेराल्ड हर्ड यांच्यामुळे, हॉलिवुडमधील वेदान्त केंद्राचे प्रमुख स्वामी प्रभवानंद यांच्या सहवासात आले. १९४० मध्ये त्यांनी मंत्रदीक्षा घेतली. हा काळ चित्रपट-स्टुडिओत पटकथा लिहून चरितार्थ चालवण्याचा होता. एकीकडे निर्मात्याच्या मर्जीनुसार संवाद पुन्हा पुन्हा लिहायचे, दुसरीकडे ठरल्या वेळी आसनावर बसून जप करायचा, असा त्यांचा दिनक्रम होता. पुढे १९४१-४२ मध्ये पेनसिल्व्हेनियात क्वेकरपंथीयांबरोबर त्यांनी युरोपातून आलेल्या निर्वासितांसाठी काम केले. १९४३ ते १९४५ या काळात ते केंद्रातच संन्यासमार्गाचे उमेदवार म्हणून राहिले. तेथे प्रभवानंदांसमवेत केलेला भगवद्गीतेचा इंग्रजी अनुवाद १९४४ मध्ये, ऑल्डस हक्स्ली यांच्या प्रस्तावनेसह, प्रसिद्ध झाला. १९४५ मध्ये इशरवुड यांनी केंद्रातील वास्तव्य सोडले; गुरू मात्र सोडला नाही. १९७६ मध्ये प्रभवानंदांचे निधन होईपर्यंत हे नाते टिकले.

या नात्यातील एक प्रसंग येथे महत्त्वाचा आहे. तरुण पुरुषाशी असलेला प्रेमसंबंध आणि साधना एकत्र नांदू शकतील काय, असे इशरवुड यांनी आरंभीच स्पष्टपणे विचारले होते. त्यावर प्रभवानंदांनी त्यांना ना धिक्कारले, ना मुभा दिली. त्या तरुणाकडे तरुण श्रीकृष्ण म्हणून पाहण्याचा प्रयत्न करावा, एवढेच सुचवले. 'माय गुरू अँड हिज डिसायपल' (१९८०) या पुस्तकात इशरवुड यांनी हे सारे मोकळेपणाने नोंदवले आहे. त्यागाचा आग्रह बाजूला ठेवून दृष्टी पालटण्याचा हा उपदेश संन्याशापेक्षा कादंबरीकारालाच अधिक अवघड ठरावा असा आहे. कारण कादंबरीकाराचे भांडवल म्हणजे माणसाचे वेगळेपण : त्याची लकब, त्याचा हेका, त्याची फजिती. सर्वांभूती एकच तत्त्व पाहणाऱ्या दृष्टीला हे वेगळेपण अंतिमतः मिथ्या होय. इशरवुड यांच्या आयुष्यातील खरा पेच वेळेच्या अपुरेपणाचा नव्हता. नामरूपाचा निरास करू पाहणारी सकाळ आणि नामरूपावर उपजीविका करणारी दुपार यांच्यातील तो पेच होता.

२

या पेचाची खातेवही म्हणजे त्यांच्या रोजनिश्या. १९९६, २०१० आणि २०१२ मध्ये त्या क्रमशः प्रकाशित झाल्या. साक्षात्काराच्या शोधात त्या वाचणाऱ्याची निराशा होते. राहून गेलेला जप, यांत्रिकपणे ओढलेली माळ, आदल्या रात्रीचे मद्यपान, मोटारीतील येरझारा, जिवलगांशी झालेले रुसवेफुगवे आणि अडलेले प्रकरण यांच्या नोंदी तेथे शेजारी शेजारी येतात. पतंजलीने चित्तविक्षेप घडवणारे नऊ अंतराय सांगितले आहेत. त्याच्या योगसूत्रांचा सभाष्य अनुवाद इशरवुड आणि प्रभवानंद यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केला. व्याधी, संशय, आलस्य अशा त्या अंतरायांवरचे प्रदीर्घ प्रात्यक्षिक म्हणूनच या रोजनिश्या वाचाव्यात.

मराठी वाचकाला प्रपंचात नाम घेणे अपरिचित नाही. तथापि वारकरी परंपरेत काम आणि नाम यांचा मेळ बसल्याची ग्वाही असते. इशरवुड यांच्याकडे तशी ग्वाही नाही. मेळ बसला नाही हे लिहून ठेवणे, एवढेच त्यांच्या हाती आहे. पण चित्त ढळले हे ज्याच्या ध्यानात येते तो ढळलेल्या चित्ताहून निराळा असतो. वेदान्ताच्या परिभाषेत त्याला साक्षी म्हणतात. साधनेत आलेले अपयश रोज न्याहाळता न्याहाळता इशरवुड यांच्यातील निवेदकाला एक नवे स्थान गवसले.

'गुडबाय टू बर्लिन' (१९३९) मधील निवेदक स्वतःला कॅमेरा म्हणवून घेतो, हे सर्वश्रुत आहे. निष्क्रियपणे टिपत राहणारा हा निवेदक वस्तुनिष्ठ भासतो, कारण तो स्वतःला चौकटीबाहेर ठेवतो. साक्षीची तटस्थता वेगळ्या जातीची असते : पाहणारा 'मी' हादेखील तिच्या दृष्टीने पाहण्याचाच विषय असतो. कॅमेऱ्याकडून साक्षीकडे झालेले हे संक्रमण हेच साधनेने इशरवुड यांच्या कथात्म लेखनाला दिलेले देणे होय.

३

केंद्रात राहत असताना लिहिलेल्या 'प्रेटर व्हायोलेट' (१९४५) या लघुकादंबरीत अध्यात्माचा विषय वरवर कोठेच नाही. लंडनमधील एक स्टुडिओ, एक सवंग संगीतमय चित्रपट, ऑस्ट्रियन दिग्दर्शक बर्गमन आणि युरोपवर दाटत चाललेली नाझीवादाची छाया, एवढाच तिचा ऐवज. निवेदकाचे नाव लेखकाचेच आहे. शेवटाकडे रात्री रस्त्यातून चालताना त्याच्या मनात जगण्याच्या कारणाचा प्रश्न उभा राहतो. भयापलीकडे नेणारी एक वाट, दूर डोंगरात ढगांआडून दिसावी तशी, क्षणभर दिसते आणि तो मागे फिरतो. कारण त्या वाटेने गेल्यास तो 'ख्रिस्तोफर इशरवुड' उरणार नाही. मठात राहणाऱ्या लेखकाने मठाकडे न वळणारा निवेदक उभा करावा आणि त्याच्या भीतीला आपले स्वतःचे नाव द्यावे, यात विलक्षण प्रामाणिकपणा आहे.

याउलट, साधनेला प्रकटपणे विषय करणारी 'द वर्ल्ड इन द ईव्हिनिंग' (१९५४) ही कादंबरी फसलेली आहे. क्वेकर स्त्रीच्या शांत सत्प्रवृत्तीचे चित्र रेखाटताना लेखकाची लेखणी आदराने अवघडते आणि पात्र निर्जीव होते. 'अ मीटिंग बाय द रिव्हर' (१९६७) अधिक यशस्वी आहे. गंगाकाठच्या मठात संन्यास घेऊ पाहणारा ऑलिव्हर आणि त्याला परावृत्त करू पाहणारा त्याचा संसारी भाऊ पॅट्रिक यांची ही कथा पत्रे आणि रोजनिशी यांतून उलगडते. तथापि येथेही चैतन्य खेळते ते लबाड, मोहक पॅट्रिकच्या पत्रांतून. संतत्वापेक्षा विक्षेप हाच या लेखकाचा हक्काचा प्रांत आहे, हे यावरून पुन्हा दिसते.

४

'अ सिंगल मॅन' (१९६४) ही त्यांची सर्वश्रेष्ठ कादंबरी एका दिवसाची आहे, ही गोष्ट आकस्मिक नव्हे. अठ्ठावन्न वर्षांचा प्राध्यापक जॉर्ज, त्याच्या सहचराचा अपघाती मृत्यू, महाविद्यालयातील तास, व्यायामशाळा, मैत्रिणीकडचे जेवण, मद्य, समुद्र आणि झोप, असा तिचा घटनाक्रम आहे. वेदान्ताचा नामोल्लेख नाही, गुरू नाही, जप नाही. परंतु पहिल्याच पानावर जागे होते ते केवळ असणे. 'मी' नंतर येतो, 'जॉर्ज' त्याहून नंतर. आरशासमोर, कपड्यांतून, लोकांच्या अपेक्षांतून तो हळूहळू जुळवला जातो. महामार्गावर मोटार चालवणारा एक जण असतो आणि त्याच वेळी मनात सूडाची चित्रे रंगवणारा दुसरा. अखेरीस किनाऱ्यावरच्या खडकांतील डबक्यांची प्रतिमा येते : ओहोटीला प्रत्येक डबके वेगळे, स्वतःच्या जीवसृष्टीसह स्वतंत्र, भरतीला सर्वांवरून एकच पाणी.

येथे आत्मविचार निवेदनाचे व्याकरण झाला आहे. आणि तरीही जॉर्जचे दुःख मिथ्या ठरत नाही. त्याचा राग, हट्ट, विनोद, मृत सहचराविषयीची ओढ यांतील काहीही निवेदक उणे करत नाही. डबक्याचे वेगळेपण पूर्णांशाने मान्य करूनच सागराची जाणीव जागवणे, हे येथे साधले आहे. सकाळ आणि दुपार यांचे भांडण मिटलेले नाही. पण त्या भांडणाला रूप लाभले आहे.

१९६३-६४ च्या हिवाळ्यात विवेकानंद-जन्मशताब्दीनिमित्त इशरवुड प्रभवानंदांसमवेत कलकत्त्यास आले. तेथील व्याख्यानांच्या माऱ्याने त्यांना उबग आला आणि व्यासपीठावरून धर्माविषयी बोलणे आता आपल्याला शक्य नाही, असे त्यांनी गुरूंना सांगितले. हे श्रद्धेचे ओसरणे नव्हते. व्यासपीठावरील वक्त्याला अनुभव पूर्ण असल्याचे भासवावे लागते. कादंबरीकाराला तो अपुरा असल्याचे कबूल करता येते, आणि इशरवुड यांचे खरे बोलणे तेथेच शक्य होते.

साधकाच्या मापाने पाहिले तर इशरवुड अर्ध्या वाटेवरचे ठरतील. ते स्वतःही याहून अधिक दावा करत नाहीत. पण कादंबरी हा वाङ्मयप्रकार मुळात अर्ध्या वाटेवरच्यांचाच आहे. त्यांचा जप फळला की नाही, हे ठरवणे समीक्षेच्या अधिकाराबाहेरचे आहे. राहून गेलेल्या जपाची इतकी वर्षे ठेवलेली नोंद मात्र निवेदकाच्या दृष्टीत उतरली, एवढे त्यांच्या कृती निःसंशय दाखवतात. साधना आणि साहित्य यांचा संबंध शोधणाऱ्याने म्हणूनच पात्रांच्या तोंडची वचने वेचण्याआधी पाहणारा कोठे उभा आहे, हे तपासावे.