नागरिकशास्त्राच्या पुस्तकात आगाशी कुठे बसते?

शाळेत लोकशाहीच्या सवयी लावता येतात का, यावर पीएचडी करायचा विचार असेल तर आधी बालभारतीचं सहावीचं नागरिकशास्त्र हातात घ्या. त्यात ग्रामीण स्थानिक शासन संस्थांचा एक धडा, शहरी संस्थांचा दुसरा. भाषा सोपी, मांडणी स्वच्छ. माझी तक्रार आहे ती या दोन धड्यांमधल्या भिंतीबद्दल.

हेच पुस्तक विरारजवळच्या आगाशीत बसून वाचा. वसई-विरार महानगरपालिका ३ जुलै २००९ला झाली. ‘आमचं गाव यात नको’ म्हणत इथली गावं रस्त्यावर उतरली आणि त्याच वर्षी विवेक पंडित या मागणीच्या जोरावर अपक्ष आमदार झाले. २९ गावांचा वाद पुढे हायकोर्टात वर्षानुवर्षं रेंगाळला. म्हणजे गाव की शहर, हे इथे भूगोलाने ठरवलं नाही. त्यावर माणसं भांडली. पुस्तकात मात्र दोन्ही संस्था आयत्या. राज्यभर चालणाऱ्या पुस्तकात आगाशी कशी येणार, हा बचाव मला मान्य आहे. पण ‘तुमच्या गावाची हद्द शेवटची कधी बदलली, का बदलली?’ एवढा प्रश्न स्वाध्यायात घालायला काय हरकत होती?

दुसरी गोष्ट जास्त बोचते. पालिकेची मुदत जून २०२०मध्ये संपली, पुढचं मतदान झालं थेट जानेवारी २०२६मध्ये. मधे प्रशासक. २०२०ला पाचवीत गेलेलं पोर पालिकेची एकही निवडणूक न बघता दहावीत पोचलं. सहावीच्या पेपरात ‘मुदत पाच वर्षे’ लिहून मार्क मिळाले असतील, ते वेगळं.

मग तुम्ही मोजणार काय? उद्देशिका पाठ आहे का, हक्क किती सांगता येतात, ही झाली माहिती. संवैधानिक नैतिकता उपजत नसते, ती जोपासावी लागते, हे आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ला संविधान सभेत मांडलं होतं. कोलंबियातले त्यांचे शिक्षक जॉन ड्यूई तर १९१६च्या पुस्तकात लोकशाहीला एकत्र जगण्याची रीत म्हणतात. रीत प्रश्नावलीत सापडत नाही, त्यासाठी वर्गात मागच्या बाकावर बसावं लागतं. मॉनिटर कोण नेमतं? मुलांना तो बदलता येतो का? सहलीचा हिशोब त्यांना दाखवतात का? बाई चुकल्या तर पोरं बोलतात का, आणि बोलल्यावर पुढे काय होतं? शेवटच्या प्रश्नासाठी निदान एक पूर्ण सत्र राखून ठेवा. पाहुणा बसलाय म्हटल्यावर पहिले काही आठवडे सगळेच शहाण्यासारखं वागतात.