‘या खेपेला ५० पिल्लं जगली!’ पण कितीपैकी?

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत शोभेच्या कोळंबीची पैदास करणाऱ्या हौशी लोकांच्या नोंदी मी बऱ्याच वाचल्या आहेत. त्यात एक वाक्य हमखास येतं: ‘या खेपेला ५० पिल्लं जगली!’ वाचून बरं वाटतं आणि लगेच प्रश्न पडतो, कितीपैकी? १०० पैकी असतील तर कमाल आहे. १००० पैकी असतील तर ९५० मेली, आणि खरी गोष्ट त्या ९५० मध्ये आहे.

आज या नोंदींची चिकित्सा करू या. हौशी लोकांची टिंगल करायची नाहीये. याच चुका रिसर्च करणारेही करतात. त्यातली एक मी स्वतः केली आहे, ती शेवटी सांगते.

उदाहरण पेपरमिंट श्रिम्पचं घेऊ. पारदर्शक अंगावर लाल रेघा असलेली, दोन बोटांत मावेल एवढी कोळंबी. टाकीत माजणारं एप्टेजिया नावाचं समुद्रफूल ती खाते, म्हणून लोक मुद्दाम आणतात. तिची अंडी सहज मिळतात. मादी ती पोटाखाली घेऊन फिरते आणि साधारणपणे रात्री दिवे बंद झाल्यावर लार्वा बाहेर पडतात. अडचण तिथून पुढे सुरू होते. लार्वा आईसारखे दिसत नाहीत, तळाशी बसत नाहीत, काही आठवडे पाण्यात तरंगत राहतात आणि कात टाकत टाकत वाढतात. त्या काळात फिल्टर त्यांना ओढून घेतो, उपाशी राहिले तर मरतात, दाटी झाली तर एकमेकांना खातात.

आधी या नोंदींचं कौतुक. त्या लिहिणारा माणूस रोज टाकीसमोर बसलेला असतो. आर्टेमिया द्यायला उशीर झाला, काचेवर हायड्रॉइड उगवले आणि त्यांनी लार्वा खाल्ले, पाणी बदलताना नळीतून निम्मे गेले, हे सगळं तो लिहितो. पेपरमध्ये हे क्वचितच सापडतं. तिथे ‘मेथड्स’ अशा गुळगुळीत लिहिलेल्या असतात की पहिल्या चार खेपा वाया गेल्या असतील याचा वाचणाऱ्याला पत्ताही लागत नाही. प्रयोग सुरू करण्याआधी काय काय बिघडू शकतं हे कळून घ्यायचं असेल, तर अशा नोंदी जरूर वाचा.

पण पुरावा म्हणून वापरायला गेलात की तीन ठिकाणी त्या कमी पडतात.

पहिलं, सुरुवातीची संख्या. ‘शेकडो होते’ ही मोजणी नव्हे. हजारभर लार्वा एकेक करून मोजता येत नाहीत, मान्य. पण पाणी हलक्या हाताने ढवळून १० मिलीचे पाचसहा नमुने घ्यायचे, त्यातले मोजायचे, सरासरी काढून एकूण पाण्याशी गुणायचं, एवढं घरीही जमतं. ढवळणं मात्र विसरू नका. हे लार्वा उजेडाकडे जातात. दिव्याखालच्या कोपऱ्यातून नमुना घेतलात तर संख्या भलतीच फुगेल.

दुसरं, तुलना. एका जारमध्ये २०० लार्वांना नवीन खाद्य दिलं, दुसऱ्यात २०० ना जुनं. नवीनमध्ये जास्त जगले, म्हणजे नवीन चांगलं. इथे n किती? २०० म्हणालात तर थांबा. खाद्य जारला दिलंय, लार्वाला सुटं सुटं नाही. एका जारचं पाणी बिघडलं तर त्यातले सगळेच मरतात. म्हणून प्रत्येक बाजूला n = १. हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या चुकीला ‘स्यूडोरेप्लिकेशन’ म्हटलं आणि छापील पेपरांमध्येही ती किती आढळते हे दाखवलं. म्हणजे हा दोष फक्त हौशी लोकांचा नाही.

चांगली तुलना कशी असते, तेही याच कोळंबीत बघायला मिळतं. टाकीत दोनच कोळंब्या आणि दोघींच्या पोटाखाली अंडी, हे पाहिलं की लोक अंदाज बांधतात: एक नर असणार, किंवा त्या स्वतःच स्वतःची अंडी फळवत असणार. बाउअर आणि होल्ट यांनी १९९८ मध्ये याचं उत्तर दिलं. ही कोळंबी आधी नर म्हणून वयात येते. पुढे मादी होते, पण नराचं काम करण्याची क्षमता टिकवून ठेवते. प्रयोगाची कल्पना अगदी साधी. मादी अवस्थेतल्या दोघी एकत्र ठेवल्या, तर दोघींकडे वाढणारे भ्रूण दिसले. एकेकटी ठेवली, तर स्वतःची अंडी तिला फळवता आली नाहीत. ही एकटी ठेवलेली कोळंबी म्हणजे कंट्रोल. ती नसती तर ‘स्वतःच फळवत असेल’ ही शंका तशीच राहिली असती. हौशी माणसाकडे दोन कोळंब्या आणि टाकी असतेच. तिसरी, रिकामी टाकी लावायचं तेवढं राहून जातं.

तिसरं, नाव. इथे पेपरही अडचणीत येतात. वर्षानुवर्षं या सगळ्या कोळंब्यांना ‘लायस्माटा वुर्डेमानी’ म्हटलं जायचं. २००६ मध्ये राइन आणि लिन यांनी दाखवलं की पश्चिम अटलांटिकमध्ये या एका नावाखाली अनेक प्रजाती दडल्या होत्या. त्यांनी चार नव्या प्रजातींचं वर्णन केलं. त्यातली ‘लायस्माटा बोगेसी’ ही फ्लोरिडातून मत्स्यालयांच्या बाजारात जाणारी नेहमीची कोळंबी.   रूढ झालेलं नाव पुन्हा तपासायला काढणं, हेच तर करायचं असतं.

मग जुने पेपर रद्दीत टाकायचे का? नाही. दावा कोणत्या जातीचा आहे ते बघायचं. आधी नर आणि मग दोन्ही, हा प्रकार लायस्माटाच्या इतर प्रजातींतही दिसला आहे. त्यामुळे नाव बदललं तरी तो निष्कर्ष उभा राहतो. पण ‘लार्वा अवस्था इतक्या दिवसांची’ हा आकडा प्रजातीला चिकटलेला असतो. नाव हललं की तोही हलतो. शिवाय या लार्वांची आणखी एक खोड आहे. परिस्थिती मानवली नाही तर ते कात टाकत राहतात, पण रूप बदलून तळाशी बसत नाहीत. म्हणजे दिवसांचा आकडा प्रजातीचा असतो, तितकाच खाद्याचा आणि तापमानाचाही असतो.

आता माझी चूक. सिनॉप्सिससाठी मी एक झकास तक्ता केला होता. ‘वुर्डेमानी’ नावाखाली सापडतील ते सगळे लार्वा-काळ एका रकान्यात मांडले, सरासरी काढली आणि त्यावर सहा महिन्यांचं वेळापत्रक बसवलं. गाइडनी तक्ता पाहिला आणि एवढंच विचारलं, “ही सरासरी नक्की कोणाची गं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. काही नोंदी दुकानातून आणलेल्या कोळंबीच्या, काही समुद्रातून पकडलेल्या, तापमानं वेगळी, खाद्य वेगळं. तशी कोळंबी जगात कुठेच नव्हती, फक्त माझ्या एक्सेलमध्ये होती. वेळापत्रक पुन्हा करावं लागलं.

म्हणून रिव्ह्यूचा तक्ता करताना, मग विषय कोळंबी असो वा दुसरं काही, चार रकाने आधी आखा: नमुना नेमका कुठून आणला, ओळख कशी पटवली, सुरुवातीला किती होते, आणि स्वतंत्र टाक्या किती होत्या. पेपर असो की कोणाची घरगुती नोंद, दोघांना हेच चार प्रश्न विचारा. माझ्या पहिल्या तक्त्यातल्या निम्म्याहून जास्त ओळींत यातला एक तरी रकाना रिकामा राहिला. तुमच्या तक्त्यात किती राहतात ते मोजा आणि मगच सरासरी काढा.