मातृत्व, वेग आणि ‘पुनरागमन’ : कमी अंतराच्या शर्यतींतील धावपटू मातांच्या कथनाची चिकित्सा

गोषवारा

बाळंतपणानंतर १००, २०० किंवा ४०० मीटरच्या शर्यतींत पुन्हा उतरलेल्या धावपटू स्त्रियांविषयी जे लेखन होते, त्याची घडण बरीचशी ठरावीक असते. मूल, अश्रू, पदक आणि ‘अशक्य ते शक्य’ या चार खांबांवर ते उभे राहते. प्रस्तुत निबंधात फॅनी ब्लँकर्स-कोएन, विल्मा रुडॉल्फ, इरेना शेविन्स्का, पी. टी. उषा, शेली-ॲन फ्रेझर-प्राइस आणि ॲलिसन फेलिक्स यांच्याविषयीच्या प्रचलित कथनांचा विचार केला आहे. ही कथने दीर्घ कालावधीच्या श्रमांचे रूपांतर एका क्षणाच्या चमत्कारात करतात आणि त्यामुळे शरीर, सांभाळ व करार हे तिन्ही प्रश्न नजरेआड होतात, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : मातृत्व, कमी अंतराच्या शर्यती, क्रीडाकथन, पुनरागमन, हिरकणी.

१. प्रस्तावना

मराठी मनाला परिचित असलेली मातेच्या शारीरिक पराक्रमाची कथा म्हणजे हिरकणीची आख्यायिका. रायगडाचे दरवाजे मावळतीला बंद झाले आणि दूध विकायला आलेली गवळण गडावर अडकली. घरी तान्हे मूल होते. रात्रीच्या अंधारात ती अवघड कडा उतरून गेली. शिवाजी महाराजांनी तिचा गौरव केला आणि त्या ठिकाणी बुरूज बांधविला, असे सांगितले जाते. महाराष्ट्रातील एस. टी. स्थानकांवर व शासकीय कार्यालयांत स्तनदा मातांसाठी जे कक्ष असतात, त्यांनाही ‘हिरकणी कक्ष’ असेच नाव दिलेले आढळते.

या आख्यायिकेचे दोन विशेष आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. पहिला असा की, हिरकणीचा पराक्रम मुलासाठी आहे, म्हणून तो समाजाला मान्य आहे. दुसरा असा की, तो एका रात्रीत घडतो. कडा उतरण्याची तयारी, त्यानंतरचे दुखणे, दुसऱ्या दिवशी पुन्हा दूध घेऊन गड चढणे, यांविषयी कथा काही सांगत नाही. धावपटू मातांविषयीचे आधुनिक लेखनही बहुतेक वेळा याच दोन विशेषांना धरून चालते. मात्र शर्यतीत धावणारी स्त्री मुलासाठी धावत नसते. ती धावण्यासाठी धावत असते. येथूनच कथनाची अडचण सुरू होते.

२. ‘उडती गृहिणी’ : बिरुदाचे राजकारण

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये नेदरलँड्सच्या फॅनी ब्लँकर्स-कोएन हिने १०० मीटर, ८० मीटर अडथळा, २०० मीटर आणि ४ × १०० मीटर रिले अशी चार सुवर्णपदके मिळविली. त्या वेळी ती तीस वर्षांची व दोन मुलांची आई होती. पहिल्या बाळंतपणानंतर तिची कारकीर्द संपली असे अनेकांनी गृहीत धरले होते. ती मात्र काही आठवड्यांतच सरावाला लागली होती. लंडनला जाण्यापूर्वी ‘मुलांना सोडून अर्ध्या विजारीत धावणे शोभत नाही’ अशा आशयाची पत्रे तिला आली. विजयानंतर त्याच समाजाने तिला ‘उडती गृहिणी’ हे बिरुद दिले आणि अ‍ॅम्स्टरडॅममध्ये घोड्यांच्या गाडीतून तिची मिरवणूक काढली.

निंदेची पत्रे आणि गौरवाचे बिरुद यांत वरकरणी विरोध दिसतो. वस्तुतः दोहोंचा पाया एकच आहे. पत्रे म्हणत होती, ‘तू गृहिणी आहेस, म्हणून धावू नकोस.’ बिरुद म्हणत होते, ‘तू धावलीस, तरी गृहिणीच आहेस.’ चार सुवर्णपदके मिळविणाऱ्या पुरुषाला ‘उडता गृहस्थ’ म्हटले गेल्याचे उदाहरण नाही. १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघाने तिला शतकातील सर्वश्रेष्ठ महिला ॲथलीट म्हणून निवडले, तरीही तिची ओळख करून देताना हे बिरुद आजतागायत आधी येते.

३. वगळलेले मूल आणि वगळलेली वर्षे

मातृत्वाचा उच्चार हा जसा कथनाचा भाग असतो, तसे त्याविषयीचे मौनही असते. याचे ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेची विल्मा रुडॉल्फ. मराठी प्रेरणादायी पुस्तकांतून आणि व्याख्यानांतून विल्मा आपल्याला चांगली परिचित आहे. लहानपणी पोलिओ, पायाला आधारपट्टी आणि अखेर १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये १०० मीटर, २०० मीटर व रिले अशी तीन सुवर्णपदके, एवढी तिची कथा आपण सांगतो. १९५८ मध्ये, शालेय शिक्षण संपता संपता, ती एका मुलीची आई झाली होती, ही गोष्ट या कथेत सहसा येत नाही. टेनेसी स्टेट विद्यापीठाचे प्रशिक्षक एड टेंपल यांनी आपला शिरस्ता बाजूला ठेवून तिला संघात घेतले आणि मुलीचा सांभाळ घरच्यांनी केला, म्हणून रोम शक्य झाले.

ब्लँकर्स-कोएन विवाहित, गोरी, घर सांभाळणारी स्त्री होती. तिची मुले कथेला शोभा देत होती. विल्मा कृष्णवर्णीय, अल्पवयीन आणि अविवाहित माता होती. तिचे मूल कथेला अडचणीचे होते. पोलिओवर मात करणे हा नि:संशय मोठा पराक्रम आहे. परंतु बाळंतपणानंतर दोन वर्षांत जगातील सर्वांत वेगवान स्त्री होणे हाही पराक्रमच आहे आणि आपण तो सांगत नाही.

भारतीय संदर्भात मौनाचा वेगळा प्रकार दिसतो. पी. टी. उषा यांच्याविषयीचे लेखन बहुधा १९८४ आणि १९८६ या दोन वर्षांभोवती फिरते. लॉस एंजेलिसला ४०० मीटर अडथळा शर्यतीत सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलेले कांस्यपदक आणि सोलच्या आशियाई स्पर्धेतील चार सुवर्णपदके, येथे कथा संपते. १९९१ मध्ये विवाह, त्यानंतर मुलाचा जन्म आणि पुन्हा मैदान, हा उत्तरार्ध परिशिष्टासारखा एखाद्या वाक्यात आटोपला जातो. वास्तविक १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत ४ × ४०० मीटर रिलेच्या रौप्यपदकात त्यांचा वाटा होता. १९९८ मध्ये फुकुओका येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत, वयाच्या ३४ व्या वर्षी, त्यांनी २०० व ४०० मीटरमध्ये कांस्यपदके मिळविली आणि ४ × १०० मीटर रिलेत राष्ट्रीय विक्रमासह सुवर्णपदक मिळविणाऱ्या संघात त्या होत्या. हुकलेल्या शंभराव्या भागाची हळहळ आपण चार दशके जपली. आई झाल्यानंतर कमावलेल्या या पदकांची नोंद मात्र आपल्या स्मरणात नाही.

४. ‘पुनरागमन’ या संज्ञेची मर्यादा

‘पुनरागमन’ या शब्दात दोन गृहीतके आहेत : व्यक्ती जिथून गेली तिथेच परतते, आणि परतणे ही एक घटना असते. कमी अंतराच्या शर्यतींच्या बाबतीत ही दोन्ही गृहीतके तपासून पाहावी लागतात.

वेगाने धावताना पाऊल जमिनीला जेमतेम सेकंदाचा दहावा भाग टेकते आणि तेवढ्या अवधीत शरीराच्या वजनाच्या कित्येक पट बल पायांतून व कटिभागातून जाते. गरोदरपणात सैल झालेले अस्थिबंध, दुरावलेले पोटाचे स्नायू, ताणलेले ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आणि सिझेरियन झाले असल्यास त्याचा व्रण, या सर्वांची कसोटी त्या क्षणी लागते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत गती कमी-अधिक करून शरीराला सांभाळून घेता येते. १०० मीटरमध्ये तशी सवड नसते. ब्रिटनमधील फिजिओथेरपिस्टनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत प्रसूतीनंतर किमान १२ आठवडे धावणे सुरू करू नये, असे सुचविले आहे. तेही साधे धावणे, शर्यत नव्हे.

जमैकाच्या शेली-ॲन फ्रेझर-प्राइस हिचा मुलगा ७ ऑगस्ट २०१७ रोजी सिझेरियनने जन्मला. गरोदर असल्याचे कळले तेव्हा आपण रडलो होतो, असे तिने पुढे सांगितले आहे. २९ सप्टेंबर २०१९ रोजी दोहा येथील जागतिक स्पर्धेत तिने १०० मीटरचे चौथे विजेतेपद १०.७१ सेकंदांत मिळविले आणि मुलाला कडेवर घेऊन मैदानाला फेरी मारली. ते छायाचित्र जगभर पोहोचले. १९९५ मध्ये ग्वेन टॉरेन्सने, तीही एका मुलाची आई असताना, हे विजेतेपद मिळविले होते, याची आठवण त्या निमित्ताने निघाली.

छायाचित्र क्षणाचे असते. आकडे मात्र कालावधी सांगतात. बाळंतपणापूर्वी शेली-ॲनची सर्वोत्तम वेळ १०.७० होती. २०१८ च्या हंगामात ती १०.९८ पर्यंतच पोहोचू शकली. २०१९ मध्ये १०.७१ आणि २०२१ मध्ये १०.६०. पहिल्या वर्षी सुमारे पाव सेकंद मागे, दुसऱ्या वर्षी जवळपास बरोबरीला, चौथ्या वर्षी पूर्वीच्याही पुढे असा हा प्रवास आहे. दोहा हा त्यातील एक टप्पा होता. जी स्त्री पूर्वी कधीही नव्हती एवढी वेगवान झाली, तिच्याबाबत ‘परतली’ हे क्रियापद अपुरे ठरते.

पोलंडच्या इरेना शेविन्स्का हिचे उदाहरणही येथे विचारात घ्यावे लागते. १९७० मध्ये मुलगा झाल्यानंतर १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये तिला २०० मीटरचे कांस्यपदक मिळाले. पुढे ती ४०० मीटरकडे वळली. १९७४ मध्ये हे अंतर ५० सेकंदांच्या आत धावणारी पहिली स्त्री ठरली आणि १९७६ मध्ये माँट्रियलला सुवर्णपदक विजेती झाली. ती जिथून गेली होती तिथे परतली नाही, नव्या अंतरावर पोहोचली.

५. कराराची भाषा

अमेरिकेच्या ॲलिसन फेलिक्स हिचा मे २०१९ मध्ये ‘न्यू यॉर्क टाइम्स’मध्ये प्रसिद्ध झालेला लेख या कथनपरंपरेत वेगळा उठून दिसतो. आपला प्रायोजक नाइकी याने नव्या करारासाठी पूर्वीपेक्षा ७० टक्के कमी रक्कम देऊ केली, आणि प्रसूतीच्या आगेमागे कामगिरी खालावल्यास मोबदला कापला जाणार नाही ही हमी देण्यास नकार दिला, असे तिने त्यात लिहिले. नोव्हेंबर २०१८ मध्ये प्रीएक्लॅम्पसिया या गंभीर विकारामुळे ३२ व्या आठवड्यात सिझेरियन करून तिच्या मुलीचा जन्म झाला होता. याच महिन्यात अन्य खेळाडूंनीही असे अनुभव मांडले. ऑगस्ट २०१९ मध्ये नाइकीने धोरण बदलले : अपेक्षित प्रसूतीच्या ८ महिने आधीपासून सलग १८ महिने कामगिरीच्या कारणावरून मोबदला कमी केला जाणार नाही.

या कलमात वात्सल्याचा उल्लेख नाही. महिन्यांचा हिशेब आहे. समीक्षकाच्या दृष्टीने हेच महत्त्वाचे आहे. गौरवाच्या भाषेने सात दशकांत जे मान्य केले नाही, ते कराराच्या रुक्ष भाषेने मान्य केले : मातृत्वानंतरचे परतणे हा कालावधी आहे आणि त्या कालावधीची किंमत कोणीतरी मोजावी लागते. तरीही हिशेब पुरा होत नाही. प्रसूतीनंतर ८ महिन्यांनी, जुलै २०१९ मधील अमेरिकी राष्ट्रीय स्पर्धेत, फेलिक्स ४०० मीटरमध्ये ५१.९४ सेकंदांसह सहावी आली. टोकियोत ऑगस्ट २०२१ मध्ये तिने ४९.४६ सेकंदांत कांस्यपदक मिळविले. या दोन शर्यतींमध्ये जवळजवळ अडीच सेकंदांचे आणि दोन वर्षांचे अंतर आहे. कराराचे संरक्षण प्रसूतीनंतर सुमारे १० महिन्यांत संपते. शरीराला त्याहून अधिक काळ लागू शकतो.

सांभाळाच्या प्रश्नालाही असेच उशिरा उत्तर मिळाले. फेलिक्सच्या पुढाकाराने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये क्रीडाग्रामात प्रथमच बालसंगोपन कक्ष सुरू झाला. ब्लँकर्स-कोएनच्या लंडनपासून तोपर्यंत ७६ वर्षे लोटली होती.

६. मराठी संदर्भ

‘बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म’ असे आपल्याकडे म्हटले जाते. सव्वा महिना, शेकशेगडी, तेलमालिश, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू अशी विश्रांतीची समृद्ध शब्दसंपदा मराठीत आहे. ती शरीराच्या झिजेची जाण दाखवते, म्हणून तिला केवळ जुनाट म्हणून झटकून टाकणे योग्य नाही. परंतु ही शब्दसंपदा बाळंतिणीला घरकामापर्यंत आणून सोडते. त्यापुढे तिचे शरीर वेगासाठी, स्वतःच्या आनंदासाठी पुन्हा घडवायचे असेल, तर त्यासाठी शब्द नाही, आणि शब्द नाही म्हणून अपेक्षाही नाही.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत १०० व २०० मीटर धावणाऱ्या मुली विवाहानंतर मैदानावर दिसेनाशा होतात, हा अध्यापकांच्या नित्य अनुभवाचा भाग आहे. त्यांच्यापैकी कोणी रेल्वे वा पोलीस सेवेत असेल तर तिला प्रसूतिरजा मिळते व वेतन चालू राहते. प्रायोजकाच्या मर्जीवर उभ्या असलेल्या पद्धतीच्या तुलनेत ही जमेची बाजू आहे. तथापि रजा ही नोकरीपासूनची असते. ट्रॅकपर्यंत परत नेणारा प्रशिक्षक, स्नायूंची तपासणी आणि सरावाच्या दोन तासांत मूल सांभाळणारे कोणी, यांची तरतूद तिच्यात नसते.

येथे एक आक्षेप संभवतो. मुलाला कडेवर घेतलेल्या विजेतीचे चित्र अनेकींना बळ देते. त्याची चिकित्सा कशासाठी? बळ मिळते हे मान्यच आहे. परंतु चमत्कार पाहून मिळालेले बळ अनेकदा अपराधीपणात बदलते. ‘तिला जमले, मग मला का नाही?’ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर इच्छाशक्तीत नसून आठवडे, आधार आणि पैसा यांच्या हिशेबात आहे. तो हिशेब कथनात आला, तरच ते बळ टिकेल.

७. निष्कर्ष

१. धावपटू मातेविषयीचे प्रचलित कथन मातृत्वाचा उपयोग सोयीनुसार करते. ते शोभेचे असेल तेथे मिरवते, अडचणीचे असेल तेथे वगळते.

२. ‘पुनरागमन’ ही संज्ञा क्षणावर भर देते. उपलब्ध वेळा पाहता ही प्रक्रिया वर्षांची आहे आणि तिचा शेवट पूर्वीच्या स्थानापेक्षा पुढेही होऊ शकतो.

३. कराराची व व्यवस्थेची भाषा या कालावधीला मान्यता देऊ लागली आहे. क्रीडासमीक्षेने व चरित्रलेखनानेही ती द्यावयास हवी.

४. विल्मा रुडॉल्फ आणि पी. टी. उषा यांच्या ज्या कथा आपण विद्यार्थिनींना सांगतो, त्यांत मातृत्वानंतरची वर्षे समाविष्ट करणे ही मराठी लेखकांना व अध्यापकांना सहज करता येण्याजोगी दुरुस्ती आहे.

हिरकणी एका रात्रीत कडा उतरली, म्हणून तिच्या नावाचा बुरूज झाला. मैदानावर परतणाऱ्या स्त्रीला रोज पहाटे तोच कडा थोडा थोडा चढावा लागतो. हे रोजचे चढणे ज्या दिवशी आपल्या लेखनात येईल, त्या दिवशी तिचा पराक्रम आपल्याला खऱ्या अर्थाने कळू लागेल.