करारापलीकडचा न्याय

पोप लिओ तेरावे यांनी १५ मे १८९१ रोजी ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक प्रसृत केले. २०२५ साली निवडून आलेल्या पोपमहोदयांनी लिओ हे नाव धारण करताना याच परिपत्रकाचे स्मरण केले, तेव्हा आम्ही ते पुन्हा मुळापासून वाचले. गौरवलेल्या लेखनाचे दुर्दैव असे, की त्याचे दाखले पुष्कळ जण देतात, वाचतात थोडेच.

त्यातील उणिवा झाकण्याचे कारण नाही. प्रारंभीचा मोठा भाग समाजवादाच्या खंडनात आणि खाजगी मालमत्तेच्या समर्थनात खर्ची पडला आहे. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याला त्या समर्थनाने कितपत दिलासा मिळावा? स्त्रीची प्रकृती घरकामासाठीच, हा त्यातील सूर आमच्या धर्मग्रामांतील नोकरदार भगिनींना पटणार नाही. लेखकाच्या नजरेसमोर युरोपातील कारखाने आहेत; जातीने वाटून दिलेले श्रम तेथे दिसत नाहीत.

असे असूनही त्यातील एक प्रतिपादन आम्हांस अढळ वाटते. दोघांनी राजीखुशीने मजुरी ठरवली की न्याय झाला, असे त्या काळी मानले जाई. लिओ तेरावे हे मत अपुरे ठरवतात. गरजेपोटी, किंवा याहून वाईट वाट्याला येईल या भयापोटी दिलेला होकार हा मोकळा होकार नव्हे. तो मजूर बळजबरीचा बळी असतो. काटकसरीने राहणाऱ्या मजुराचा निर्वाह व्हावा एवढी मजुरी, ही कोणत्याही कराराहून आधीची न्यायाची मागणी आहे. १९८१ साली ‘लाबोरेम एक्झेरचेन्स’मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी या विचाराचा पाया अधिक खोल नेला : काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही, म्हणून श्रमाचे स्थान भांडवलाच्या आधीचे.

आता प्रश्न आपल्या उंबरठ्याशी येतो. १९७१ च्या रोममधील धर्माचार्यांच्या सभेने बजावले होते, की न्यायाविषयी बोलू पाहणाऱ्याने आधी इतरांच्या दृष्टीने न्यायी असले पाहिजे. आम्ही प्रवचनपीठावरून श्रमप्रतिष्ठेवर अनेकदा बोललो. पण चर्च झाडणाऱ्या बाईंचा पगार बरीच वर्षे होता तेवढाच राहिला. “त्यांची तक्रार नाही,” असे आम्ही स्वतःला सांगत आलो. तक्रार करण्याची ऐपत त्यांना नव्हती, हे या पुनर्वाचनाने आम्हांस उमगले. पगार आता वाढवला आहे. उशीर झाला, ही कबुली येथे देत आहोत.

कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी आक्रोश करते, हे याकोबाच्या पत्रातील वचन लिओ तेरावे मालकांपुढे ठेवतात. वाडीत राबणारे मजूर, घरी धुणीभांडी करणाऱ्या बाई यांच्याशी ठरलेल्या रकमेकडे, वाचकहो, आपणही एकदा त्या वचनाच्या उजेडात पाहावे.