चुकीच्या संशयाचे गणित : 'लिटल ब्रदर' या किशोर कादंबरीचे एक वाचन

कोरी डॉक्टरो हे १९७१ साली कॅनडातील टोरांटो येथे जन्मलेले विज्ञानकथाकार. 'लिटल ब्रदर' ही त्यांची किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेली कादंबरी २००८ साली अमेरिकेत 'टॉर' या प्रकाशनसंस्थेने काढली. त्याच वेळी लेखकाने ती इंटरनेटवरून कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येईल अशी खुलीही केली. त्यामुळे जिथे इंग्रजी पुस्तकांचे दुकान नाही अशा गावातील विद्यार्थ्यालाही ती वाचता येते. पहिला खर्डा अवघ्या आठ आठवड्यांत हातावेगळा केल्याचे लेखकाने स्वतःच नमूद केले आहे. २००९ चा जॉन डब्ल्यू. कॅम्पबेल स्मृती पुरस्कार तिला मिळाला. शीर्षकाचा उगम उघड आहे : जॉर्ज ऑर्वेल यांच्या '१९८४' मधील सर्वसाक्षी 'बिग ब्रदर'ला दिलेले हे धाकट्या भावाचे उत्तर.

थरारकथा म्हणून कादंबरी वेगवान आहे, आणि तिच्यातील संगणकी युक्त्यांचे कौतुकही पुष्कळ झाले आहे. मात्र प्रस्तुत लेखात त्या युक्त्यांपेक्षा दोन वेगळ्या गोष्टींकडे वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. कादंबरीत एका ठिकाणी एक गणित येते आणि दुसऱ्या एका ठिकाणी नायकाचा मित्र त्याला एक कडू सत्य ऐकवतो. माझ्या मते ही दोन स्थळे म्हणजे कादंबरीचा गाभा आहे. पण लेखकाने ती एकमेकांना जोडलेली नाहीत, आणि पुस्तकाचे बळ व उणीव दोन्ही तिथेच सापडतात.

कथानक थोडक्यात असे. सतरा वर्षांचा मार्कस यालो सॅन फ्रान्सिस्कोमध्ये शिकतो. इंग्रजी अक्षरांच्या जागी आकडे घालून लिहिलेले 'विन्स्टन' हे त्याचे इंटरनेटवरील टोपणनाव ('१९८४'च्या नायकाचे नाव वाचकांना आठवेलच). एके दिवशी शाळा बुडवून तो तीन मित्रांसोबत एक खेळ खेळत असताना अतिरेकी शहराचा बे ब्रिज आणि खाडीखालचा रेल्वे बोगदा उडवून देतात. हजारो माणसे मरतात. चेंगराचेंगरीत डॅरिल या मित्राला कोणीतरी भोसकते. त्याच्या मदतीसाठी मार्कस हात करून एक लष्करी गाडी थांबवतो आणि त्या गाडीतूनच चौघेही कैदेत जातात. ट्रेझर आयलंडवरील गुप्त तुरुंगात चौकशी, अपमान, मग गप्प राहण्याची ताकीद आणि सुटका. तिघे सुटतात, डॅरिल परत येत नाही. शहर आता गृहसुरक्षा खात्याच्या नजरेखाली आहे : कोण कोणत्या गाडीने कुठे गेले, कोणी कुठे काय विकत घेतले, सगळ्याची नोंद. मार्कस खेळण्याच्या यंत्रांवर एक गुप्त जाळे उभे करतो आणि ही यंत्रणा गोंधळात पाडायला लागतो. पुढे पाठलाग, प्रेम, फितुरी आणि शेवटी पुन्हा तोच तुरुंग.

मार्कस गोष्ट सांगता सांगता थांबतो आणि वाचकाला शिकवू लागतो. सांकेतिक लिपी कशी चालते, चालण्याच्या ढबीवरून माणूस ओळखणारे कॅमेरे कसे फसवावेत (बुटात खडे घालून!), इंटरनेटवरील संदेशाला मार्ग कसा सापडतो, अशी प्रकरणे मधूनमधून येतात. काही समीक्षकांना हे खटकते. मराठी वाचकाला ते फारसे खटकू नये. जयंत नारळीकर आणि बाळ फोंडके यांच्या विज्ञानकथांनी आपल्याला गोष्टीच्या ओघात विज्ञान समजावून घेण्याची सवय लावली आहे. खटकेल ते दुसरेच. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे चोरांना हुडकून पोलिसांच्या हवाली करतो आणि वाचक टाळ्या वाजवतो. किशोरसाहित्यातील साहसाचा शेवट आपल्याकडे बहुधा पोलीसचौकीत होतो. इथे साहसाची सुरुवातच पोलीसचौकीतून सुटल्यावर होते.

आता त्या गणिताकडे वळू. मार्कस एक काल्पनिक रोग घेतो. दहा लाखांत एकालाच होणारा हा रोग ओळखणारी चाचणी ९९ टक्के अचूक आहे. ऐकणाऱ्याला वाटते, चाचणीने रोग आहे म्हटले म्हणजे रोग असणारच. पण दहा लाख लोकांची चाचणी घेतली तर खरा रोगी एक, आणि एक टक्का चुकीमुळे रोगी ठरलेले निरोगी लोक सुमारे दहा हजार. म्हणजे ज्याला चाचणीने दोषी ठरवले तो खरोखर रोगी असण्याची शक्यता दहा हजारांत एक. मग तो हेच अतिरेक्यांना लावून दाखवतो. दोन कोटींच्या महानगरात समजा दहा अतिरेकी आहेत आणि ते ओळखणारे यंत्र ९९ टक्के अचूक आहे. यंत्र दोन लाख लोकांकडे बोट दाखवील. शिवाय, लोकांच्या खरेदीवरून वा प्रवासावरून अतिरेकी ओळखणारे इतके अचूक यंत्र मुळात कोणाकडेच नाही.

शाळेतील संभाव्यतेचा धडा इतक्या जिवंतपणे मी दुसऱ्या कोणत्याही कादंबरीत वाचलेला नाही. हे गणित लेखकाने शोधलेले नाही. वैद्यकशास्त्रात आणि संख्याशास्त्रात ते जुनेच आहे. लेखकाने केले ते एवढेच की ते एका घरातील जेवणाच्या टेबलापर्यंत आणून ठेवले. मार्कसच्या वडिलांना स्फोटानंतर कडक बंदोबस्त हवासा वाटतो. मुलगा त्या काळात मेला असे समजून त्यांनी काढलेले दिवस वाचकाला ठाऊक असतात, त्यामुळे त्यांचा आग्रह हास्यास्पद वाटत नाही. मग यंत्रणेच्या गोंधळात एक दिवस पोलीस त्यांनाच अडवतात. ते संतापून घरी येतात, आणि हा गोंधळ माजवण्यात आपल्याच मुलाचा हात आहे हे त्यांना माहीत नसते. बापलेकांचा हा वाद कादंबरीतील कोणत्याही पाठलागापेक्षा अधिक उत्कंठेने वाचला जातो. कारण दोघेही एकमेकांच्या जिवाच्या काळजीनेच भांडत असतात.

परंतु या गणितात एक गृहीतक दडलेले आहे. एक टक्का चूक सगळ्यांच्या वाट्याला सारखी येते, दोन लाखांत कोणीही असू शकतो, तुम्ही किंवा मी, असे ते धरून चालते. मार्कसच्या वडिलांना अडवून लेखकाने तेच सुचवले आहे, आणि गोऱ्या मध्यमवर्गीय अमेरिकन वाचकाला हलवण्यासाठी ही युक्ती प्रभावी आहे यात शंका नाही. वास्तवात मात्र चूक सारखी वाटली जात नाही.

हे ज्याला कळते तो मार्कसचा मित्र जोलू, म्हणजे होजे लुईस. गुप्त जाळे उभारण्यात त्याचा मोठा वाटा आहे, तरीही एका टप्प्यावर तो बाजूला होतो. त्याचे कारण भित्रेपणाचे नाही. तो मार्कसला शांतपणे समजावतो की एकाच गुन्ह्यासाठी गोऱ्या मुलाला आणि त्याच्यासारख्या सावळ्या मुलाला मिळणारी शिक्षा एक नसते. मार्कस पकडला गेला तर त्याच्याकडे वाट चुकलेला मुलगा म्हणून पाहिले जाईल, जोलूकडे तसे पाहिले जाणार नाही. म्हणून दोघे एकाच खेळात उतरले असले तरी त्यांची पणाला लागलेली रक्कम वेगळी आहे. मार्कस निरुत्तर होतो. मला वाटते लेखकही थोडा निरुत्तर होतो. कारण पुढल्या प्रकरणात कथा पुन्हा मार्कसच्या मागे धावू लागते. जोलूचे म्हणणे खोटे आहे असे कादंबरी कधी म्हणत नाही, पण त्याचा हिशेब गणितात मिळवतही नाही.

तो मिळवला तर काय दिसते? ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेत इमिग्रेशनच्या कारणावरून स्थानबद्ध केलेल्या ७६२ परदेशी नागरिकांविषयी न्याय खात्याच्या महानिरीक्षकांचा अहवाल जून २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील सर्वांत मोठा गट पाकिस्तानी नागरिकांचा होता. २००२ साली सुरू झालेल्या विशेष नोंदणी योजनेत २५ देशांच्या, सोळा वर्षे व त्यावरील वयाच्या पुरुषांना सरकारी कचेरीत जाऊन बोटांचे ठसे आणि जबाब द्यावे लागले. त्या २५ पैकी उत्तर कोरिया वगळता सर्व देश मुस्लिमबहुल होते. ऐंशी हजारांहून अधिक लोकांनी नोंद केली. डिसेंबर २०१६ मध्ये या योजनेचे नियमच रद्द करण्यात आले. मार्कस सतरा वर्षांचा आहे. तो व्हिसावर आलेल्या कराचीच्या किंवा काहिराच्या कुटुंबातील असता, तर पूल उडण्याची वाट न पाहताच त्याला त्या रांगेत उभे राहावे लागले असते. यंत्रांचेही तेच. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने डिसेंबर २०१९ मध्ये चेहरे ओळखणाऱ्या संगणकप्रणालींची पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यातील अनेक प्रणाली आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या अमेरिकनांच्या बाबतीत गोऱ्यांच्या तुलनेत दहा ते शंभर पट अधिक वेळा चुकीची ओळख देत होत्या. एक टक्का म्हणजे सर्वांचा एक टक्का नव्हे, हे इथे आकड्यांतच दिसते.

हे सारे वाचताना आपल्याकडील वाचकाच्या मनात अमेरिकेबाहेरची नावेही येणारच. ८ सप्टेंबर २००६ च्या मालेगाव बाँबस्फोटांनंतर पकडलेल्या नऊ मुस्लिम पुरुषांपैकी हयात असलेल्या आठजणांना मुंबईच्या विशेष न्यायालयाने एप्रिल २०१६ मध्ये आरोपमुक्त केले. नववा त्यापूर्वीच मरण पावला होता. त्यांच्या संशयाला कोणतेही यंत्र लागले नव्हते.

कादंबरीत आणखी एक पात्र आहे आणि त्याच्यावर लेखकाने खर्च केलेली पाने फारच थोडी आहेत. तुर्कस्तानातून येऊन सॅन फ्रान्सिस्कोत कॉफीचे दुकान चालवणारा एक माणूस, ज्याला सारे 'तुर्क' म्हणूनच ओळखतात. गिऱ्हाइकांच्या कार्डांचे व्यवहार सरकार पाहू शकेल असा नवा कायदा होताच तो दुकानात कार्ड घेणेच बंद करतो. मार्कसला यात विशेष काय ते आधी कळत नाही. तेव्हा तो सांगतो की अशाच हेरगिरीला कंटाळून तर मी देश सोडला. त्याला सांकेतिक लिपी येत नाही, टोपणनाव नाही, लपायला जाळे नाही. तो आपल्या दुकानात, आपल्या गल्ल्यावर उभा राहून उघडपणे नकार देतो. मार्कसचा सगळा प्रतिकार अदृश्य होण्यावर उभा आहे, आणि अदृश्य होण्यासाठी यंत्रे, इंग्रजी व फावला वेळ लागतो. तुर्काला यांतले काही लागत नाही, पण त्याने पत्करलेला धोका मोठा आहे. लेखकाने त्याच्या दुकानात आणखी थोडा वेळ थांबायला हवे होते असे वाटत राहते.

शिक्षकांनी मात्र एका प्रसंगाकडे जरूर लक्ष द्यावे. समाजशास्त्र शिकवणाऱ्या गाल्वेझबाई नागरिकांच्या हक्कांवर वर्गात मोकळी चर्चा घडवतात आणि त्यापायी नोकरी गमावतात. त्यांच्या जागी आलेल्या बाई ते हक्क केव्हा केव्हा बाजूला ठेवता येतात हे शिकवू लागतात. पाठ्यपुस्तकातला विषय तोच राहतो, फक्त प्रश्न उलटा होतो. गंमत म्हणजे २०१४ साली फ्लोरिडातील पेन्साकोला येथील एका शाळेत हीच कादंबरी सर्व विद्यार्थ्यांनी उन्हाळी सुट्टीत वाचावी असे ठरले होते आणि मुख्याध्यापकांनी तो कार्यक्रम रद्द केला. तेव्हा लेखक व प्रकाशकांनी तिथल्या विद्यार्थ्यांसाठी २०० प्रती पाठवल्या.

उणिवा आणखीही आहेत. चौकशी अधिकारी कॅरी जॉनस्टन ही केवळ क्रूर आहे. ती स्वतःला काय समजावत असेल याचा मागमूस लागत नाही. वडिलांना जो न्याय मिळाला तो तिला मिळाला नाही. मार्कस आणि आंज यांची प्रेमकथा वयाला साजेशी आहे, पण विशेष काही सांगत नाही. आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील यंत्रांवर उभे असलेले तपशील आजच्या मुलांना जुने वाटतील. बरीचशी नोंद आज माणूस स्वतःच खिशातल्या फोनवर करून देतो. याउलट डॅरिलचे चित्रण संयत आहे. तो सुटून येतो, पण पहिला डॅरिल परत येत नाही, आणि विजयाच्या पानांवरही ही गोष्ट झाकलेली नाही.

२०१३ साली आलेल्या 'होमलँड' या पुढल्या भागात जॉनस्टन पुन्हा भेटते, आता एका खाजगी कंपनीच्या चाकरीत. त्याच वर्षी एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकी पाळतयंत्रणेची कागदपत्रे उघड केली. हाँगकाँगच्या हॉटेलात ते सामान आवरत असताना 'होमलँड'ची प्रत जवळ होती, हे 'सिटिझनफोर' या माहितीपटात दिसते. तिसरी कादंबरी 'अटॅक सरफेस' २०२० ची. तिची नायिका माशा पाळतीची यंत्रे विकणाऱ्यांसाठी काम करते आणि ती यंत्रे शेवटी ओकलंडमधील तिच्या कृष्णवर्णी मैत्रिणीवर, तानिशावर, येऊन पडतात. जोलूने विचारलेल्या प्रश्नाकडे लेखक बारा वर्षांनी का होईना वळले. पण ती कादंबरी प्रौढ वाचकांसाठी आहे. आमच्या अकरावीच्या विद्यार्थ्याच्या हाती पहिल्यांदा 'लिटल ब्रदर'च येईल. गणिताच्या शिक्षकाने त्यातील दहा लाखांचे उदाहरण फळ्यावर सोडवावे आणि मग विद्यार्थ्यांना विचारावे की ते दहा हजार लोक कोणत्या वस्तीतले असतील.